पडद्याआडचे रान

आश्विनातल्या उन्हाविषयी शेतकऱ्याचे मत आणि छायाचित्रकाराचे मत यांचा मेळ बसणे कठीण आहे. कापून पसरलेले सोयाबीन वाळावे, शाळवाच्या पेरणीपूर्वी रानाला वाफसा यावा, चार महिने ओल पिऊन फुगलेली दारे पुन्हा चौकटीत बसू लागावीत, यासाठी जे ऊन आमच्या वाई तालुक्यात हवेहवेसे वाटते, तेच ऊन छायाचित्रकाराच्या लेखी माणसाच्या डोळ्यांखाली विवरे पाडणारे आणि नाकाची सावली ओठावर आणून बायकांनाही मिशी बहाल करणारे असे एक अस्मानी संकट असते. म्हणून वाईहून येणाऱ्या तरुण छायाचित्रकाराने जेव्हा कळवले की, सकाळी साडेसाताच्या आत किंवा दुपारी साडेचारानंतर रानात उभे राहणार असाल तर येतो, मधल्या वेळात कॅमेरा पेटीतून बाहेर निघणार नाही, तेव्हा थोरल्या काकांनी ‘म्हणजे याला ऊनही नको आणि सावलीही नको’ असा शेरा मारून साडेचाराची वेळ मंजूर केली.

कल्पना मूळची आमची नव्हे. माझी पुतणी अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समध्ये असते. तिकडे ऑक्टोबरात मेपलची पाने शेंदरी होऊ लागली म्हणजे कुटुंबेच्या कुटुंबे एखाद्या सफरचंदांच्या बागेत नाही तर भोपळ्यांच्या शेतात जातात, एकमेकांशी जुळणाऱ्या रंगांचे कपडे घालून छायाचित्रे काढवून घेतात, आणि त्यांतले एक निवडून नाताळच्या शुभेच्छापत्रावर छापून आप्तेष्टांना धाडतात. शेत बहुधा परक्याचे असते. तिकीट काढून आत जायचे असते. आपल्याला तर पिढ्यानुपिढ्यांचे स्वतःचे रान आहे, मग आपण ते का करू नये, असा तिचा सरळ प्रश्न होता आणि त्याला घरातल्या कोणापाशी उत्तर नव्हते. दसरा होऊन गेला होता, कोजागिरी तोंडावर आली होती, पुणे-मुंबईची मंडळी सुट्टी साधून येणारच होती, पुतणीही मुलाबाळांसह येणार होती. तेव्हा ठरले. मोहरी, विटकरी आणि हस्तिदंती या तीन रंगांपलीकडे कोणी जाऊ नये, अशी ताकीद सर्वांना मिळाली. ती सर्वांनी पाळली, आत्याखेरीज. आत्या जांभळे इरकल नेसून आली आणि कोणी काही बोलण्यापूर्वीच म्हणाली, “मी ह्याच्यात बरी दिसते.”

आमच्या शरदाला पानगळीचा हा सोहळा ठाऊक नाही. पाने गळायची ती शिशिरात, धुळीत आणि वाऱ्यात, कोणाचे लक्ष नसताना गळतात. आश्विनात रान उलट भरभरून उभे असते. कालव्याच्या पाण्यावरची हळद कमरेला लागलेली असते आणि तिची रुंद पाने वाऱ्याच्या लहानशा झुळकीनेही एकमेकांवर घासून कोऱ्या कापडाचा आवाज करतात. उसाला अजून तुरे आलेले नसतात. बांधाच्या कडेने टाकलेले कारळे पिवळ्या फुलांनी नुसते पेटलेले असते. नुकतेच आलेले धोबी पक्षी नांगरटीच्या ढेकळांवरून शेपटी खालीवर करीत, कोणाच्या तरी कामाची तपासणी करीत असल्याच्या ऐटीत चालत असतात. पाऊस परतलेला असतो, पण जमिनीने त्याची ओल सोडलेली नसते. आणि बांधावरचे गवत अशा बेताने पिकलेले असते की त्याचे प्रत्येक कुसळ जाणाऱ्यायेणाऱ्याच्या वस्त्राला बिलगून पुढच्या शेतात वस्तीला जाण्यासाठी सज्ज होऊन बसते. त्या दिवशी त्या कुसळांची चंगळ झाली. देवळातून आणलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या डोक्यावर घेऊन पुढे चाललेली पोरे, त्यांच्यामागे विटकरी आणि हस्तिदंती वस्त्रे सावरीत एकेक पाऊल चाचपून टाकणारी शहरी मंडळी, आणि सर्वांत शेवटी काठी टेकीत, पण वाटेकडे न पाहता चालणारी आत्या, अशी ती वरात विहिरीपाशी पोचली तेव्हा बायकांच्या साड्यांचे काठ कुसळांनी शिवल्यासारखे झाले होते. छायाचित्रकार मोठ्या तालेवार लग्नांची कामे घेणारा. पण तो मुकाट्याने गुडघ्यावर बसला आणि एकेक कुसळ उपसू लागला. कुसळ टोकाकडून ओढायचे असते, शेपटाकडून नव्हे, हे त्याला ठाऊक होते. त्याच क्षणी आत्याने त्याला मनोमन पसंत केले असावे.

हे रान आमच्याकडे केव्हापासून आहे, या प्रश्नाला ‘पूर्वीपासून’ याहून नेमके उत्तर आमच्या घरात मिळत नाही. गावचे कुलकर्णीपण घरात होते. त्याबद्दलची वतनी जमीन निराळी आणि घरची रयतावा जमीन निराळी. दोहोंचे मोडी कागद एका कातडी पिशवीत असत असे म्हणतात, परंतु ती पिशवी पाहिलेले शेवटचे माणूस म्हणजे आत्याच. १९४८ च्या प्रारंभी महात्माजींच्या हत्येनंतर सातारा जिल्ह्यात गावोगाव ब्राह्मणांची घरे जळाली, त्यांत आमचा वाडा गेला, आणि त्या पिशवीबरोबर भिंतीवरच्या तसबिरीही गेल्या. आत्या तेव्हा दहा वर्षांची होती, थोरले काका सहांचे. ती रात्र त्यांनी शेजारच्या कुळाच्या गोठ्यात, वैरणीमागे काढली. पुढे १९५१ साली कुलकर्णी वतने रद्द झाली. त्यानंतर कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषिदिन मुक्रर केला आणि त्या दिवशी जमीन कसणारी कुळे त्या जमिनीचे मालक गणली गेली. ज्याच्या गोठ्यात आमच्या घराने रात्र काढली होती, तोही त्या दिवशी आमच्या ओढ्याकडच्या रानाचा मालक झाला. आजोबा स्वतः नांगर धरून जे करीत होते तेवढेच मागे राहिले: तीन एकर सतरा गुंठे, त्यांत ही विहीर. कसणाऱ्याला जमीन मिळाली यात काही विपरीत घडले असे मला कधी वाटलेले नाही. थोरल्या काकांना वाटते. त्या प्रश्नावर आम्ही दोघे एकमेकांशी फार आदराने बोलतो, म्हणजे बोलतच नाही.

वाड्यातल्या तसबिरी जळाल्या तरी एक छायाचित्र वाचले, कारण त्याची एक प्रत आजोबांच्या बहिणीच्या सासरी गेलेली होती. ते १९३० च्या आगेमागे घेतलेले असावे. मध्यभागी खुर्चीवर पणजोबा: पागोटे, उपरणे, गुडघ्यांवर पसरलेले दोन्ही पंजे. त्यांच्या दोहो बाजूंना त्यांचे भाऊ. मागे उभे असलेल्या तरुणांत कोटाची सगळी बटणे लावलेले आमचे आजोबा. पुढे सतरंजीवर मांडी घालून बसवलेली मुले, आणि त्यांतल्या एकाच्या हातात उगाचच दिलेले जाडजूड पुस्तक. स्त्रिया नाहीत. त्या सर्वांच्या पाठीशी एक संगमरवरी कठडा, कठड्यावर फुलांची कुंडी, पलीकडे तळे, तळ्यात दोन हंस आणि आणखी पलीकडे, कृष्णेच्या खोऱ्यात ज्याची कोणी कल्पनाही करू नये, असा एक उंच शिखरांचा राजवाडा.

हा राजवाडा म्हणजे अर्थात पडदा. त्या काळचे छायाचित्रकार आपल्याबरोबर असे रंगवलेले पडदे बाळगीत आणि त्यांचे कूळ थेट नाटक कंपन्यांच्या पडद्यांशी जाऊन मिळे. जंगलाचा पडदा, रस्त्याचा पडदा, राजदरबाराचा पडदा यांची संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला इतकी सवय झालेली होती की आपली छबीसुद्धा कोणत्या तरी पडद्यापुढेच शोभेल, असे त्याला साहजिकच वाटे. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे असे पडदे रंगवता रंगवताच चलच्चित्राकडे वळले, आणि धुंडिराज फाळके सिनेमाकडे वळण्यापूर्वी गोध्र्याला छायाचित्रांचा व्यवसाय करीत होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या हंसांकडे पाहून हसू येत नाही. आमच्या महाराष्ट्राची एक अख्खी दृष्टीच त्या पडद्यावर घडलेली आहे. मुंबईत छायाचित्रणाची संस्था १८५४ साली निघाली. तिथून ती कला गावोगावच्या वाड्यांपर्यंत येईतो पाऊणशे वर्षे उलटली, आणि येताना ती हा कठडा आणि हे तळे काखोटीला मारून आली.

परंतु नवल पुढेच आहे. ते छायाचित्र वाड्याच्या चौकात घेतलेले असावे, असे आम्ही सारे धरून चाललो होतो. मध्यंतरी त्याची नक्कल करून घेण्यासाठी चौकट उघडली, काचेमागचा अंडाकृती खिडकी कापलेला पुठ्ठा बाजूला केला, आणि मूळ कागदाची जी कड आजवर पुठ्ठ्याखाली झाकलेली होती ती उघडी पडली. पडदा तिथे संपतो. त्याच्या किनारीपलीकडे चार बोटे रुंदीची एक उभी पट्टी आहे आणि तीत, कोणाच्या ध्यानीमनी नसताना आलेले, एका बैलाचे मागचे दोन पाय, उतरती धाव, तिच्या टोकाशी विहिरीवरच्या मोटेचा कणा, आणि थारोळ्याच्या दगडाचा एक कोपरा. म्हणजे मंडळी रानात आली होती. ह्याच विहिरीपाशी. आंब्याच्या फांदीला दोरी बांधून त्या माणसाने आपला पडदा सोडला होता आणि पणजोबांनी आपले सारे गणगोत, आपल्या डोळ्यांदेखतचे उभे पीक, मागचा वैराटगड आणि वरचे आकाश यांच्याकडे पाठ करून, त्या सर्वांच्या आणि आपल्या मध्ये तो राजवाडा येऊ दिला होता.

त्यांनी असे का केले असावे, यावर आमच्या घरात बरेच तर्क झाले. छायाचित्रकाराने हट्ट धरला असेल. नुसत्या रानात बसलो तर लोक आपल्याला मजूर समजतील अशी कुलकर्ण्याला धास्ती वाटली असेल. आत्याचे मत सर्वांत साधे. ती म्हणते, “रान तर रोजच बघायचे होते की. पैसे देऊन त्याचाच फोटो कोण काढील?” मला हे पटते, आणि पटूनही पुरते नाही. तो छायाचित्रकार जर वाड्यात येऊन जाऊ शकत होता, तर पडद्याचे ते बोजड वेटोळे बांधावरून विहिरीपर्यंत वाहून नेण्याचा खटाटोप कशासाठी? कोणाला तरी आपण इथे आहोत हे हवे होते. ते दिसावे असे मात्र नको होते.

छायाचित्राखेरीज या घराचे आणखी एक समूहचित्र आहे. ते गाव नमुना सातवर आहे. जुना उतारा पाहिला तर त्यात पणजोबांमागून आजोबांचे एकट्याचे नाव, आणि नावापुढे ‘ए. कु. मॅ.’ ही तीन अक्षरे: एकत्र कुटुंब मॅनेजर. खुर्चीवर मध्यभागी बसलेल्या माणसाला महसूल खात्याने दिलेले हे पदनाम. बाकीचे भाऊ, त्यांच्या बायका, मुले, विधवा हे सारे त्या तीन अक्षरांच्या पाठीमागे उभे आहेत, दिसत नाहीत. आजोबा गेल्यावर वारसाचा फेरफार झाला आणि मुलांची नावे लागली. आत्याचेही लागले, पण ‘इतर हक्क’ या रकान्यात, जिथे एरवी सोसायटीचे कर्ज आणि शेजाऱ्याचा विहिरीतल्या पाण्याचा हिस्सा नोंदवलेला असतो. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि लेकींच्या हक्काची चर्चा घरोघर सुरू झाली, तेव्हा आमच्याकडेही कागद हलले आणि आत्या त्या शेजारातून उठून मालकांच्या रकान्यात येऊन बसली. आमच्या वडिलांच्या नावाला आता कंस आहे. सातबारावरून कमी झालेले नाव पूर्वी खोडीत नसत, त्याला नुसता कंस करीत. ते वाचता येई, फक्त त्याचा अंमल संपलेला असे. मृत्यूविषयी इतका संयमित, इतका सभ्य असा दुसरा संकेत मला कोणत्याही काव्यात आढळलेला नाही, आणि तो शोधून काढणारा कोणी तरी अव्वल कारकून असणार.

त्या उताऱ्यावर आज आम्ही अकराजण आहोत. अकराजणांपैकी रान करणारा एकही नाही. रान वाट्याने शेजारी करतो, तोच, गोठ्यातल्या कुळाचा नातू. पिकाचे ठरलेले येते, ते अकरा ठिकाणी वाटण्यापेक्षा थोरल्या काकांच्या ताब्यात राहते आणि त्यातून देवळाचा उत्सव, विहिरीची मोटार आणि असल्या कार्यप्रसंगांच्या जेवणावळी निघतात. विकण्याचा विषय दर दोन-चार वर्षांनी निघतो. कोणी तरी विकू नये म्हणतो, बहुधा जो सर्वांत दूर राहतो तो.

पाच वाजत आले तसे ऊन मवाळ झाले. पश्चिमेला पाचगणीच्या पठाराची सपाट कड काळवंडू लागली आणि तिच्यावरून येणारा तिरपा प्रकाश आमच्या तोंडांवर आणि पाठीमागच्या वैराटगडावर सारखाच पडू लागला. छायाचित्रकाराने आधी लहान लहान जथे घेतले: नवरा-बायको, भावंडे, आत्या आणि तिची नातसून. प्रत्येक चित्र तो कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या काचेत दाखवी आणि बायका ‘अगंबाई’ म्हणत. चित्रे सुरेख होतीच. चेहरे असे उजळलेले, केसांच्या बटांच्या कडा अशा सोनेरी, की माणसे आपल्या नेहमीच्या वकुबाहून चार आणे अधिक सुंदर दिसत होती. मागे एक मऊ हिरवा-पिवळा धुरळा होता, त्यात काही वर्तुळे तरंगत होती.

थोरल्या काकांनी चष्मा कपाळावर चढवून ती काच डोळ्यांशी नेली आणि पुष्कळ वेळ पाहिली. मग म्हणाले, “आम्ही दिसतो. रान कुठे आहे?”

“ब्लर केलंय, काका,” तो म्हणाला. “मागं लक्ष जायला नको. पाइप आहेत, मोटारीची पेटी आहे, वायरी आहेत. भिंगाचं तोंड मोठं ठेवलं की मागचं सगळं विरतं आणि चेहरा उठून येतो.”

मला त्याच क्षणी आंब्याला बांधलेला तो दुसरा पडदा आठवला. याच्यापाशी पडदा नव्हता, दोरी नव्हती, हंस नव्हते. सारे काम एका भिंगाने होत होते आणि फारच सफाईने होत होते. फरक असलाच तर एवढा की त्या जुन्या माणसाने रानाच्या जागी राजवाडा तरी दिला होता.

“हे विरायला आम्ही इथवर आलो नाही,” काका म्हणाले. “गडापर्यंत सगळे स्पष्ट यायला पाहिजे. पाइपासकट.”

त्यांच्या या हुकुमाने जे घडले ते मी पाहत होतो, आणि त्याचे तंत्र मला त्या मुलाकडूनच मागाहून नीट कळले. जवळची माणसे आणि कोसावरचा गड ही दोन्ही एकाच वेळी स्वच्छ यायची तर भिंगाचे छिद्र बारीक करावे लागते. छिद्र बारीक केले की आत येणारा प्रकाश कमी होतो. आणि मावळतीच्या वेळी तो मुळातच कमी असल्यामुळे पडदा, म्हणजे कॅमेऱ्यातला पडदा, अधिक काळ उघडा ठेवावा लागतो. यंत्राची संवेदना वाढवली तर चित्रात दाणे दिसू लागतात आणि ते त्याला मंजूर नव्हते. म्हणून त्याने तिकाटणे उभे केले, त्यावर कॅमेरा चढवला, सर्वांना रांगेने बसवले, आणि हात वर करून म्हणाला, “आता कोणी हलू नका. श्वाससुद्धा जपून.” पणजोबांना काळ्या कापडाआडून हेच सांगण्यात आले असणार. विटकरी आणि मोहरी रंगांतली, क्षणोक्षणी आपली छबी आपणच टिपण्याची सवय असलेली ती सारी मंडळी एकाएकी ताठ झाली. हातांचे काय करावे हे कोणाला सुचेना, आणि जो तो आपापले पंजे गुडघ्यांवर पसरून बसला. हसू गेले. हसू इतका वेळ धरून ठेवता येत नाही, आणि जुन्या छायाचित्रांतली माणसे इतकी गंभीर का, याचे निम्मे उत्तर तरी त्यातच आहे.

ह्या सगळ्या वेळात शेजारी आपल्या बांधावर उभा राहून आमच्याकडे पाहत होता. आत्याला तो दिसला. “अरे, तिथे काय उभा आहेस? ये इकडे. बायकोला घेऊन ये.”

“कशाला ओ आक्का,” तो तिथूनच म्हणाला, “तुमचा घरचा फोटू त्यो.”

“घरचाच आहे. ये.”

तो आला. टोपी झटकून पुन्हा घातली आणि रांगेच्या अगदी टोकाला, शरीराचा निम्मा भाग रांगेत आणि निम्मा बाहेर, असा उभा राहिला. बायको आली नाही. तिने पदराने तोंड पुसत हळदीच्या पानांआडून हात हलवला आणि ती भुईमुगाच्या शेंगा उकडायला घरी निघून गेली. छायाचित्रकाराने त्याला दोनदा आत सरकायला सांगितले आणि दोन्ही वेळा तो आत सरकल्यासारखे करून होता तिथेच राहिला.

ते चित्र आले. वैराटगड त्याच्या तटाच्या रेषेसकट आला, हळद आली, पाइप आले, मोटारीची पेटी आली, विहिरीच्या तोंडाशी अजून तसेच असलेले थारोळे आले. पुतणीच्या धाकट्याने मात्र अखेरच्या क्षणी मान वळवली होती. त्याच्या चेहऱ्याच्या जागी एक फिकट वाफ उरली होती, आणि पुतणीने ते पाहून हताशपणे डोळे मिटले. शुभेच्छापत्रावर मुलाला चेहराच नाही, हे कसे चालावे? दुसरे घ्यावे तर प्रकाश उतरला होता. तेव्हा विरलेल्या रानाचीच चित्रे अमेरिकेला जाणार, हे तिथल्या तिथे निश्चित झाले, आणि थोरले काका काही बोलले नाहीत.

सोहळा तिथेच संपायचा, परंतु त्या मुलाने पेटीतून ड्रोन काढला. ही वस्तू त्याच्या दरपत्रकात ‘पॅकेज’मध्ये होती आणि पैसे घेतलेले काम तो सोडणार नव्हता. चार पंखांचे ते यंत्र गुणगुणत वर गेले. धोबी पक्षी उडाले. पोरे ओरडत त्याच्यामागे धावली. मग आम्ही सारे त्याच्या हातातल्या लहान पाटीभोवती जमलो. त्या पाटीत आमचे रान प्रथमच सगळेच्या सगळे दिसत होते. अकराजणांचे कुटुंब म्हणजे विहिरीजवळचे काही रंगीत ठिपके, आत्या एक जांभळा. बाकी सगळे रान: हळदीचा गर्द चौकोन, काढलेल्या सोयाबीनचा तपकिरी, पलीकडे उसाचा, कडेने कारळ्याची पिवळी किनार, आणि त्याच्यामध्ये, पूर्वेच्या बाजूने ओढ्याकडे उतरत गेलेला बांध.

“थांब,” काका म्हणाले. “हे मोठे कर. इथे. अजून.”

त्या मुलाने दोन बोटांनी चित्र फाकले. बांध सरळ नव्हता. मधल्या भागात तो पोट काढून आमच्या रानात शिरलेला दिसत होता. जमिनीवरून चालताना हे कधी कोणाच्या लक्षात येणे शक्य नव्हते.

“बांध कोरलाय,” काका हलकेच म्हणाले. ते शेजाऱ्याकडे पाहत नव्हते.

“ओढ्याच्या पाण्यानं सरकलाय त्यो, आण्णा. म्या न्हाई. औंदा पाऊस किती झाला बगा की.” तोही काकांकडे पाहत नव्हता. दोघेही त्या पाटीकडे पाहत होते आणि दोघांच्याही चेहऱ्यावर, खरे सांगायचे तर, एक प्रकारचे कौतुक होते.

लेफ्टनंट विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी १८३५ साली इंदापुरापासून मुंबई इलाख्याच्या जमिनीची जी पैमाईश हाती घेतली, ती त्या पुढच्या काळात आमच्याही भागात आली. ती साखळी ३३ फुटांची. तिचे सोळा भाग म्हणजे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तो गुंठा, आणि असे चाळीस गुंठे झाले म्हणजे एकर. कोणी तरी ती लोखंडी साखळी खणखणवीत ह्याच बांधावरून ओढीत नेली असेल, तेव्हा ह्या दोन घराण्यांचे पूर्वज असेच दोन बाजूंना उभे असतील आणि असेच एकमेकांकडे न पाहता तिच्याकडे पाहत असतील. जमीन एवढ्या निरखून आम्ही वादाच्या वेळीच पाहतो. इतर वेळी ती पाठीमागे असते.

“दिवाळीनंतर मोजणीचा अर्ज टाकू,” काका म्हणाले.

“टाका की,” शेजारी म्हणाला. “मीबी सही करतो. व्हायची ती एकदा होऊन जाऊ द्या.” आणि मग त्या मुलाकडे वळून: “ह्या वरच्या फोटूची एक प्रत मलाबी पायजे. मोठी. भिंतीला लावायला.”

शेंगा आल्या. सगळ्यांनी खुर्च्या उलट्या फिरवल्या, आणि बांधावर टरफले साठू लागली. पुतणी दोन विरलेल्या चित्रांपैकी कोणते बरे, हे आत्याला विचारीत होती आणि आत्या दोन्ही चित्रांत आपले इरकल कसे आले आहे एवढेच पाहत होती. छायाचित्रकाराने आवराआवर केली, दोन्ही मोठ्या प्रतींची मापे टिपून घेतली, आणि विचारले की पावती कोणाच्या नावावर करायची.

“नावे अकरा आहेत,” आत्या म्हणाली.

“चालतंय की. सांगा,” असे म्हणून त्याने मोबाइलवर लिहायची तयारी केली, आणि पहिले नाव कोणाचे घ्यावे, याचा विचार करीत थोरले काका उपरण्याच्या टोकाने चष्मा पुसू लागले.